शालांतर्गत की आंतरशालेय?

पत्रक छापायला द्यायचंय, स्पर्धा फक्त आपल्याच शाळेच्या मुलांच्या आहेत, आणि वर काय लिहायचं यावर गाडी अडलीय. 'आंतरशालेय' भारदस्त वाटतं खरं, पण ते नको. आमच्या ओळखीच्या एका शाळेने ते छापलं आणि रांगोळीच्या दिवशी शेजारच्या शाळेच्या पाच मुली रंगांच्या पुड्या घेऊन दारात हजर! त्यांचं काय चुकलं? आंतरशालेय म्हणजे शाळाशाळांमधलं. मुंबईची क्रिकेटची हॅरिस शील्ड आंतरशालेय. १९८८ साली तेंडुलकर-कांबळीने शारदाश्रमसाठी ६६४ धावांची भागी केली ती याच स्पर्धेत. पुण्याचा एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडकही तसाच, आंतरमहाविद्यालयीन.

यावर एखादे संस्कृतचे सर हटकतीलच, की 'आंतर' म्हणजे मुळात आतलं. बरोबर आहे. म्हणून तर रुग्णालयात दाखल झालेल्यांचा तो आंतररुग्ण विभाग. पण आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय हे शब्द इतके मुरलेत, की शाळेच्या फलकावर ही लढाई जिंकता येणार नाही.

'शालांतर्गत'ला अर्थाची अडचण नाही. शाळेतल्या शाळेत, संपलं. घाईत वाचणाऱ्याला त्यात दहावीची 'शालांत' दिसते, एवढाच धोका. शेपूट मात्र तोडू नका: पक्षांतर्गत म्हणजे पक्षातल्या पक्षात, आणि पक्षांतर म्हणजे पक्षालाच रामराम.

सातवी अ विरुद्ध सातवी ब असा कबड्डीचा सामना असेल तर 'आंतरवर्गीय' चपखल. वक्तृत्वाला जिथे जो तो आपापला उभा राहतो, तिथे त्याचा उपयोग नाही.

शारीरिक शिक्षणवाले 'इंट्राम्युरल' म्हणतात. मूळ लॅटिन, भिंतींच्या आतलं. त्याच्या उलट शब्दाला, 'एक्स्ट्राम्युरल'ला, मराठीत झकास जोड आहे: मुंबई विद्यापीठाच्या विभागाच्या नावातलं 'बहिःशाल'. त्या चालीवर 'अंतःशाल' करता येईल, पण छापखान्यातून विसर्ग धड परत येईल याची हमी कोण देणार?

तेव्हा शाळा असेल तर शालांतर्गत. कॉलेजसाठी 'महाविद्यालयांतर्गत' बरोबर असलं तरी बॅनरची अख्खी ओळ खातं. तिथे सरळ 'फक्त आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी' लिहा, दोन ओळी गेल्या तरी चालतील. आणि प्रमाणपत्रांवरही तोच शब्द आहे ना, ते बघा. आंतरशालेय प्रथम क्रमांक मिळवलेल्या मुलाला उद्या कुणी विचारलं, "कुठकुठल्या शाळा होत्या रे?", तर त्याने काय सांगायचं?