समुद्रकाठच्या झाडीतला नऊ होलांचा डिस्क गोल्फ कोर्स: काही महिने खेळल्यानंतर

उद्यानाच्या एका अंगाला पुळण, दुसऱ्या अंगाला पार्किंग, आणि मधल्या दाट झाडीत हा नऊ होलांचा कोर्स बसवला आहे. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी चपटी डिस्क कमीत कमी थ्रोंमध्ये साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. सगळे होल पार ३ (म्हणजे तीन थ्रोंत पूर्ण करणं अपेक्षित), बहुतेक ६० ते ८० मीटरचे. मोठ्या स्पर्धांच्या कोर्सवर १०० मीटरच्या पुढचे होल सर्रास असतात, त्यामुळे फलकावरचे आकडे वाचून ‘पोरांसाठी दिसतोय’ म्हणत परत फिरणारे बरेच भेटतात. त्यांनी दुसऱ्या होलपर्यंत तरी यावं. टीपासून (पहिला थ्रो फेकायच्या जागेपासून) दहा-पंधरा पावलांवर दोन जाड खोडं आहेत आणि डिस्क त्यांच्यामधूनच जायला हवी. इथे होलची लांबी बघायचीच नाही, वाटेची रुंदी बघायची.

ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची वेगवान डिस्क, मी आता गाडीतच ठेवतो. स्पीड १२ची डिस्क तिच्यावर छापलेल्या आकड्यांप्रमाणे उडायला हाताला तेवढा वेग लागतो, आणि तेवढ्या जोराने फेकलं तर खोडांमधली फट साधत नाही. जोर कमी केला की ती लवकर डावीकडे वळते (उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून आडवा आणून फेकणाऱ्यांसाठी म्हणतोय) आणि झुडपात शिरते. पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची हळू डिस्क) आणि मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क) यांवर पूर्ण फेरी निघते. टीवरून पटर फेकायला सुरुवातीला कमीपणा वाटतो खरा, पण स्कोअरकार्डवर कोणती डिस्क फेकली ते लिहायचं नसतं.

चौथा होल माझा आवडता. निम्म्या वाटेवर तो उजवीकडे वळतो आणि वर फांद्यांचं छप्पर आहे, म्हणजे उंचावरून वळवून आणायची सोय नाही. फोरहँड (फेकणाऱ्या हाताच्याच बाजूने फेकणं) येत असेल तर काम सोपं, कारण ती डिस्क शेवटी उजवीकडेच जाते. नसेल येत, तर वळणापर्यंत सरळ टाका आणि तिथून दुसरा थ्रो घ्या. तीनमध्ये होल निघाला तरी या होलवर मी खूश असतो.

डिस्कच्या झिजेबद्दल लिहायलाच हवं. इथे खोडाला आपटल्याशिवाय फेरी होत नाही. साध्या, स्वस्त प्लास्टिकचा पटर काही महिन्यांत कडेला खरचटून मऊ झाला आणि त्याचं उडणंच बदललं: पूर्वी शेवटी डावीकडे जायचा, आता थोडा हायझर देऊन (बाहेरची कड खाली झुकवून) सोडला की मध्येच सपाट होतो आणि सरळ जातो. पहिल्या आणि पाचव्या होलच्या अरुंद बोळांना अशीच डिस्क हवी, म्हणून तो मी बदललेला नाही. महागड्या प्लास्टिकची मिडरेंज मात्र अजून जवळपास नव्यासारखी आहे.

जमीन वाळूची, वर पालापाचोळा. डिस्क घसरत पुढे जाईल या हिशेबाने फेकू नका. पडते तिथेच बसते, कडेवर उतरली तर वाळूत रुतते. पाचोळ्यात लाल, पिवळा आणि तपकिरी रंग दिसेनासे होतात. भडक गुलाबी किंवा फिकट निळी घ्या. नियमाप्रमाणे शोधायला तीनच मिनिटं मिळतात. डिस्कच्या खालच्या बाजूला मार्करने नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. इथे येणारे लोक सापडलेली डिस्क परत करतात, हा अनुभव आहे.

वाऱ्याची गंमत शेवटच्या दोन होलांवर. तोवर झाडीत पान हलत नाही, आणि आठव्याच्या टीवर आलात की समोर समुद्र. समोरच्या वाऱ्यात डिस्क नेहमीपेक्षा जास्त उजवीकडे कलते आणि नाक, म्हणजे पुढची कड, जरा वर राहिलं की उचलली जाते. पाठीमागून वारा असेल तर ती तरंगत नाही, लवकर खाली येते आणि डावीकडे झुकते. म्हणून १७५ ग्रॅमच्या आसपासचा एक पटर या दोन होलांसाठी वेगळा ठेवा. जोरदार वाऱ्यात लांबून बास्केटवर धाडसी पट (डिस्क बास्केटमध्ये टाकायचा थ्रो) मारू नका, चुकला तर परतीचा पट तेवढाच लांबचा उरतो.

आता तक्रारी. खाऱ्या हवेने बास्केटच्या साखळ्या गंजल्या आहेत. दोन बास्केटच्या कड्या मोकळ्या हलत नाहीत, त्यामुळे मध्यावर लागलेला पटही उसळून बाहेर येतो. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स झाला तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साखळ्यांची बास्केट तो कोर्स आखणाऱ्या एड हेड्रिक यांनी नंतर आणली, ती डिस्कचा वेग साखळीत जिरावा म्हणूनच. इथे कधीकधी खांबच परवडला असता असं वाटतं. टी मातीच्या आहेत आणि सहाव्यावर पुढचा पाय पडतो तिथे खड्डा झाला आहे; धावत येऊन फेकणाऱ्यांनी घोटा सांभाळावा, मी तिथे उभ्यानेच फेकतो. तिसऱ्यानंतर पुढची टी कुठे आहे हे सांगणारा बाणही नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे समुद्रावर जाणारी पायवाट सातव्या होलला मधोमध छेदते. टॉवेल आणि बादल्या घेऊन चाललेल्या कुटुंबांना आपण कोणता खेळ खेळतोय याची कल्पना नसते, आणि नसणारच. वाट मोकळी झाल्याशिवाय फेकायचं नाही, हा नियमही आहे आणि शहाणपणही. सुट्टीच्या दुपारी इथे इतका वेळ जातो की मागे दोन-तीन गट साचतात. सकाळी लवकर गेलात तर एकट्याची फेरी तासाभरात आरामात होते.

नव्याने खेळायला लागलेल्यांना हा कोर्स मी बिनदिक्कत सुचवेन, फक्त दुकानातून ड्रायव्हरचा संच घेऊन येऊ नका. लांब फेकण्याची हौस असलेल्यांना मोकळं मैदानच बरं. बॅगेत दोन पटर, एक मिडरेंज आणि एक कोरडा रुमाल ठेवा. ओलसर हवेत बोटांना वाळू चिकटते आणि डिस्क हातातून निसटते, त्यामुळे रुमाल विसरलात तर शर्टाची बाही खराब होणार.