बीएचटी की १०१०?

पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे डबे बनवणारा एक मित्र पेचात आहे: अँटिऑक्सिडंट (हवेतल्या ऑक्सिजनने प्लास्टिक खराब होऊ न देणारं रसायन) म्हणून स्वस्तातलं बीएचटी (ब्यूटिलेटेड हायड्रॉक्सिटोल्युइन) घालावं, की महागडं १०१० (बाजारात या क्रमांकाने ओळखलं जाणारं दुसरं अँटिऑक्सिडंट)? दोन्ही फिनॉल कुळातली, कामही एकच.

टिकण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. बीएचटीचा रेणुभार (एका रेणूचं सापेक्ष वजन) २२०, १०१० चा ११७८. एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात) २३० अंश सेल्सिअसला हलकं बीएचटी बरंचसं उडून जातं, उरलेलं हळूहळू पृष्ठभागावर येतं. अवजड १०१० सहसा जागचं हलत नाही. म्हणून किलोचा भाव पाहून भुलू नये. मालात शेवटी किती उरतं, ते धरून हिशेब करावा.

रंगाचंही बघा. बीएचटी असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पांढरे कपडे ठेवले आणि गोदामात गाड्यांचा धूर शिरला, की कपड्यांवर पिवळे डाग पडतात. कापडवाले बीएचटी नसलेली पिशवी मागतात, ते रास्तच आहे.

उन्हापासून प्लास्टिक वाचवणं दोघांनाही झेपत नाही. त्यासाठी यूव्ही स्टॅबिलायझर (अतिनील किरणांपासून जपणारं रसायन) वेगळा.

खाद्यतेल-तुपात ठरलेल्या मर्यादेत बीएचटीच चालतं. १०१० हा खाण्यात घालायचा पदार्थच नव्हे. कमी तापमानाच्या, थोडक्या दिवसांच्या मालालाही बीएचटी पुरे. वर्षानुवर्षं वापरायच्या डब्यांना १०१० घ्यावं, आणि जोडीला प्लास्टिक वितळवताना त्याला सांभाळणारं १६८ क्रमांकाचं फॉस्फाइट (फॉस्फरसयुक्त अँटिऑक्सिडंट).