नऊ गिअरची चौदा चाकी: १० महिने, ५६ हजार किलोमीटर

पाचवा गिअर हुकमी पडायला मला अकरा दिवस लागले. गाडी नवी, बॉक्स नवा, त्यामुळं दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पाच वर्षं सहा चाकी टेम्पो चालवला, मग तीन वर्षं दहा चाकी. टेम्पोला पाच गिअर, दहा चाकीला सहा. त्यानंतर मालकांनी ४२ टनांची चौदा चाकी घेतली आणि चावी माझ्या हातात दिली. खाली, म्हणजे रिकामी, गाडी साडेबारा टनांच्या आसपास. साखरेची ५० किलोची ५८० पोती चढली की पासिंगच्या (मंजूर वजनाच्या) आत, पण काठावर. कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांची साखर न्हावा-शेवाला न्यायची आणि येताना मिळेल तो माल आणायचा, नाहीतर खाली यायचं. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. बोलायचंय ते डबल-एच, म्हणजे दांड्याच्या वाटा शेजारी-शेजारी दोन ‘H’ सारख्या असलेल्या गिअरबॉक्सबद्दल, आणि तो एकाच कंपनीच्या गाडीत येतो असंही नाही.

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या माणसानं बॉक्स समजावला तो वीस मिनिटांत. त्यातली दहा फोटो काढण्यात गेली. हेवी लायसन्सच्या वेळचं तर विचारूच नका. नियमात मालवाहतुकीच्या गाडीसाठी किमान ३० दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात १५ तास प्रत्यक्ष स्टिअरिंगवर असं लिहिलंय. आमच्या स्कूलच्या गाडीनं मैदानात तिसऱ्याच्या वर गिअर कधी पाहिलाच नाही. म्हणजे खरं शिक्षण झालं ते आमच्या नानांच्या शेजारी. नाना मालकांचे जुने ड्रायव्हर. आता गुडघ्यांमुळं लांबची गाडी सोडली, पण पहिले दोन महिने ते माझ्याबरोबर आले.

बॉक्स असा आहे. सगळ्यात खाली क्रॉलर, म्हणजे सगळ्यात हळू आणि ताकदीचा गिअर, त्यावर एक ते आठ. आठ गिअर चार-चारच्या दोन मजल्यांत वाटलेले. एक-दोनची गल्ली, तीन-चारची गल्ली, मग मध्ये एक उंबरा, त्यापलीकडे पाच-सहा आणि सात-आठ. आपण उजवीकडं बसतो, त्यामुळं खालचे गिअर आपल्यापासून लांब आणि वरचे मांडीजवळ. रिव्हर्स आणि क्रॉलर सगळ्यात पलीकडे. उंबरा ओलांडला की मागच्या बाजूला हवेवर चालणारा रेंजचा भाग (खालचा मजला लो, वरचा हाय) बदलतो आणि खालून ‘फुस्स’ असा आवाज येतो.

हे तोंडपाठ झालं तरी हात ऐकत नव्हता. मला ज्या दिवशी एक गोष्ट कळली त्या दिवसापासून फरक पडला: पाचवा हा आतून पुन्हा पहिलाच आहे. बॉक्सच्या पुढच्या भागात दातांच्या जोड्या चारच, एक ते चारला त्या वापरून झाल्या की पाच ते आठला पुन्हा त्याच, फक्त मागची रेंज बदललेली. म्हणजे चारमधून पाचमध्ये जाताना एकाच वेळी दोन कामं होतात. पुढचा भाग चौथ्यावरून पहिल्यावर येतो आणि मागचा भाग लो मधून हाय मध्ये जातो. बाकीच्या गिअरांना एकच काम. म्हणून चार-पाचला बॉक्स थोडा वेळ मागतो. तो वेळ न देता दांडा पुढं रेटला की दात वाजतात, आणि शेजारी बसलेला माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो.

दुसरी गोष्ट नानांनी शिकवली आणि माझ्या मते या बॉक्सचं ऐंशी टक्के शिक्षण तेवढंच आहे. दांड्याला आतून स्प्रिंग आहे. न्यूट्रलला सोडला की लो रेंजमध्ये तो आपोआप तीन-चारच्या गल्लीत येऊन उभा राहतो, हायमध्ये पाच-सहाच्या. मी जुन्या सवयीनं दोनमधून तीनला जाताना दांडा स्वतःकडं ओढायचो. त्या जोरात तो उंबरा ओलांडून थेट पाचच्या तोंडाशी जायचा. गाडी हुंदके द्यायची, मागचा कारवाला हॉर्न द्यायचा.

“आरं, त्येला वढतूस कशाला? दोनमधनं काढ आन् सोड. त्याचं त्यो येतोय.”

“नाना, सोडला तर हातातनं जाईल की.”

“जाऊ दे. कुटं जातोय?”

खरंच कुठं जात नाही. जोर एकाच ठिकाणी लावायचा, उंबऱ्यावर. तिथंही मुठीत आवळून नाही, उघड्या तळहातानं एक टोला. चारमधून काढला, तळव्यानं आपल्याकडं ठोकला, फुस्स ऐकलं, पुढं सरकवला. सहामधून सातला जाताना मात्र उलटं आहे: तिथं स्प्रिंगच्या विरुद्ध आपल्याकडं दाबून धरावं लागतं, नाहीतर सातच्या जागी पाच पडतो आणि इंजिन किंचाळतं. पहिल्या महिन्यात मला हे तीनदा झालं. तिन्ही वेळा क्लच सोडता सोडता आवाजावरून समजलं म्हणून वाचलो.

आता कात्रजचं सांगतो. कोल्हापूरकडून येताना नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा उतार लागतो. हा रस्ता नेहमीचा असणाऱ्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालट्रकनं तिथं एकापाठोपाठ कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल सोडणाऱ्यांच्या नावानं मीही बोटं मोडत असे. माझ्या तिसऱ्या खेपेला मीच तिथं न्यूट्रलमध्ये होतो, तेही न ठरवता.

लोड गाडी, सातवा गिअर. बोगद्यातून बाहेर आल्यावर वाटलं, सहा टाकावा. सातमधून काढला आणि घाईत पलीकडं ढकलला. नुसता सोडला असता तर सहाच्या गल्लीत आला असता. ढकलल्यामुळं उंबरा ओलांडून तीन-चारकडं गेला. त्या वेगाला लोमधला कुठलाच गिअर पडणार नव्हता, पडूही नये. दांडा अडून बसला, आणि ४१ टन उताराला लागले. एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनचा धूर अडवून गाडी धरतो तो) बटण दाबलं, पण गाडी गिअरमध्ये नसेल तर इंजिन चाकांना धरणार कसं? वेगाचा काटा वर सरकायला लागला आणि माझा हात दांड्याशी झटापट करत राहिला.

नाना ओरडले नाहीत. “दांडा सोड. बिरेक दाब. दाबून धर, उठबस करू नगं.” ब्रेक सारखा दाब-सोड केला की दर वेळी हवा खर्च होते, आणि हवा कमी पडली की पायाच्या ब्रेकचा भरवसा उरत नाही. दाबून धरला, गाडी पंचविसाच्या खाली आली. दांडा परत माझ्याकडं ठोकला, पाचवा पडला, एक्झॉस्ट ब्रेकचा घर्र आवाज आला आणि माझा घाम मला तेव्हा जाणवला. नवले पूल ओलांडून वारज्यापर्यंत कुणीच बोललं नाही.

तेव्हापासून बोगद्यात शिरायच्या आधीच लोड गाडी पाचव्यात असते. मागचे शिव्या देतात. बोरघाट उतरताना तसंच, खंडाळा सोडायच्या आत गिअर ठरलेला. उतारावर गिअर बदलायचा नाही, उतार लागायच्या आधी बदलायचा. एक्झॉस्ट ब्रेक इंजिन वर फिरत असेल तेवढा जास्त धरतो, त्यामुळं खालच्या गिअरात इंजिनच्या फेऱ्यांचा काटा १८०० च्या पुढं असला तरी घाबरत नाही. फक्त लाल पट्टा गाठू देत नाही. जुने लोक म्हणतात ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. या गाडीला तेवढं पुरतं का? माझ्या मते पूर्ण लोडला त्याहून एक खालचा बरा, कारण आजची इंजिनं जुन्यापेक्षा जोरदार आहेत आणि चढ वरच्या गिअरात काढून टाकतात.

चढाचा धडा खंबाटकीनं दिला. पुण्याकडून साताऱ्याला जाताना तेव्हा घाट चढावा लागायचा, येताना बोगदा होता. परतीचा माल भरलेला होता. सहावा ओढत होता म्हणून ओढू दिला. काटा ११०० च्या खाली आल्यावर पाच टाकला, तोवर गाडी आणखी हळू झाली होती. मग लगेच चार लागणार, आणि पाच-चार म्हणजे उंबरा! रेंज बदलेपर्यंत चढावर वेग राहतच नाही. चौथा पडला तेव्हा त्याच्याही लायकीचा वेग उरला नव्हता. गाडी धडधडली आणि बंद. वळणावर, दुपारी एकला. हँडब्रेक, हवा, क्रॉलर, आणि अर्धा क्लच सोडून उचलली. जळक्या क्लचचा वास भुईंजपर्यंत केबिनमध्ये होता.

आता चढाला एकेक गिअर खाली येत नाही. सहावा १३०० ला रडायला लागला की थेट चार. गिअर बदलताना वेग तर जाणारच, तो जाऊन जिथं पोचेल तिथला गिअर टाकायचा, आत्ता आहे त्या वेगाचा नाही. खाली येताना मधे हलकीशी रेस दिली की सिंक्रो (दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) असूनही दांडा लोण्यातून जावा तसा जातो. नाना सिंक्रो नसलेल्या गाड्यांवर डबल क्लच मारून घडलेले, ते अजूनही दर वेळी दोनदा क्लच मारतात. या बॉक्सला त्याची गरज नाही. मी फक्त रेसेचा भाग उचलला, डावा पाय वाचवला.

क्रॉलर आणि रिव्हर्सचं एक लक्षात ठेवा. आमच्या बॉक्सला या दोन्हींना सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबली पाहिजे, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबलं पाहिजे, मगच पडतात. कारखान्याच्या गोदामात रिव्हर्स घेताना हमाल घाई करतात. त्यांना करू द्यावी.

रोजच्या वापरातलं थोडं भराभर. खाली गाडी दुसऱ्यावर उचलतो, मग चार, उंबरा, सहा, आठ. नऊ गिअर आहेत म्हणून नऊ मोजत बसायची गरज नाही. लोड असेल तर पहिला, आणि सपाट रस्त्याला १६०० च्या आसपास बदल. क्रॉलर फक्त चढावर थांबलेल्या गाडीला. थंडीत पहाटे ऑइल घट्ट असतं, कराडच्या पुढं जाईपर्यंत दुसरा अडतो. जोर लावत नाही, पहिल्यात जरा जास्त चालवतो. रात्रभर उभ्या गाडीची हवा उतरलेली असेल तर रेंज बदलत नाही, तेव्हा सकाळी हवेचा काटा भरेपर्यंत चहा घ्या. क्लचला हवेची मदत आहे, तरी कळंबोलीला तास-दीड तास रांगेत काढला की डावा गुडघा बोलायला लागतो. ही या गाडीबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि तिला बॉक्स नाही, रांग जबाबदार आहे.

डिझेलचं: पहिल्या दोन महिन्यांत लोडला लिटरला तीनच्या आत होतो. आता सव्वातीनच्या वर असतो, रिकामी येताना साडेचार-पाच. गाडी तीच, रस्ता तोच, वजन तेच. मालकांना हा आकडा माझ्या सगळ्या कर्तृत्वापेक्षा जास्त आवडतो. क्लच प्लेट अजून पहिलीच आहे. खंबाटकीनंतर मिस्त्रींनी बघितली, म्हणाले चालेल, पण पुन्हा असं करू नका.

माझा एक मित्र आपोआप गिअर बदलणारी गाडी चालवतो. त्याच्या पायाला आराम आहे हे खरं. मी एक खेप त्याच्या शेजारी बसून गेलो. घाटात त्याची गाडी कधी कधी एक गिअर वरचा धरून बसते आणि मग उशिरा खाली येते, मी खंबाटकीत केलं तसंच. तो म्हणतो, मग बटणावरून हातानं बदलतो. मग मी म्हटलं, आलास ना आमच्यात. पण पुण्या-मुंबईच्या शहरी रांगांत रोज असणाऱ्याला मी तीच घे म्हणेन, यात मानापमान नाही. आमच्यासारख्या लांबच्या आणि घाटाच्या लाइनला मला डबल-एच बरा वाटतो. शिकायला मात्र दोन महिने शेजारी कुणीतरी हवं. शोरूमच्या वीस मिनिटांवर चौदा चाकी हायवेला काढू नका.

नॉबवरचा गिअरचा नकाशा सहाव्या महिन्यातच घासून गेला. माझं काही अडलं नाही म्हणून नवा नॉब मागवला नव्हता. पण आता क्लीनरनं हेवीचं लर्निंग काढलंय आणि कारखान्याच्या आवारात त्याला शेजारी बसून शिकवतोय. परवा त्यानं स्वतःच डॅशबोर्डला पट्टी चिकटवून त्यावर मार्करनं नकाशा काढला. आकडे एकाला एक लागून, गिचमिड. तीन-चार आणि पाच-सहाच्या मधली रेघ तेवढी त्यानं तीनदा गिरवलीय.