पंचेचाळीस दिवसांत बदललेला सिलिंडर

जुनी .२२ रिव्हॉल्व्हर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून लिहितोय. माझे कागद पूर्ण चोख होते, तरीही मी फसलो.

मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो. नेमबाजांना घडवणारे क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांच्या नाशकात नेमबाजीची गोडी लागायला फारसं काही लागत नाही. मला ती लागली आणि पुढे जुन्या सिंगल-अ‍ॅक्शनवर जीव जडला. प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा ओढायचा, बाजूची खिडकी उघडून एकेक काडतूस भरायचं, रिकामी केस दांडीने एकेक करून बाहेर ढकलायची. यात घाई करताच येत नाही, म्हणून हात शिस्तीत राहतो. रुगर कंपनीने १९५३ साली आणलेली सिंगल-सिक्स ही या प्रकारातली माझी सगळ्यात आवडती. १९७३ च्या आधीची जुनी मॉडेल्स फ्रेमवरच्या तीन स्क्रूंवरून ओळखू येतात. त्यांत सिलिंडरमधलं, म्हणजे गोळ्या धरणाऱ्या फिरत्या नळकांड्यातलं, घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच गोळ्या भरायच्या असतात, कारण हत्यार खाली पडलं तर त्या घरातली गोळी उडू शकते.

आपल्याकडे संग्रह म्हणजे काय, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं. आधी तीन चालायची. म्हणजे एक चुकीची खरेदी झाली की अर्धा संग्रह वाया.

नाशिकरोडच्या एका वयस्कर परवानाधारकाकडे मला हवी तशी मिळाली. तीन स्क्रूंची, कन्व्हर्टिबल, म्हणजे एक सिलिंडर लाँग रायफल या .२२ काडतुसाचा आणि जोडीला दुसरा त्याहून जोरदार अशा .२२ मॅग्नम काडतुसाचा. तशीच आणखी एक आपल्याकडे आहे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यांच्या घरी मी दोन्ही सिलिंडर लावून पाहिले होते. बोटाने सिलिंडरला हलका अडसर देत घोडा सावकाश ओढला, तर सहाही घरं घोडा पूर्ण मागे जायच्या आत 'टक' करून कुलुपात बसत होती. नळी उजेडाकडे धरून पाहिली. आधीची गोळी आत अडकलेली असताना दुसरी झाडली गेली असेल तर नळीत काळं कडं दिसतं, तसं काही नव्हतं. घरांच्या कडांवर पिनचे ठोकेही नव्हते. रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर पिन आपटून गोळी उडवणारं हत्यार, रिकामंच पुन्हापुन्हा झाडलं की ते पडू शकतात, आणि मग काडतूस नीट बसत नाही. मी खूश झालो.

"काका, नंबर टिपून घेऊ?" मी विचारलं.

"घ्या की! आणि कागद बघा, सगळं चोख आहे."

मी फ्रेमचा नंबर टिपला. सव्वातीन लाख त्याच आठवड्यात दिले. एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारींना लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. नियम योग्यच आहे. पण तेवढे दिवस हत्यार विकणाऱ्याच्याच घरी होतं आणि पैसे त्याच्या खिशात. ताबा मिळाला तेव्हा फ्रेमचा नंबर परवान्याशी जुळला, नोंद झाली, मी निर्धास्त झालो.

दोन महिने लाँग रायफलच वापरली. सुंदर चालली. मग एका रविवारी मॅग्नमचा सिलिंडर बसवला. तिसऱ्या गोळीला माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने स्वतःच्या गालावर हात मारला. शिशाची बारीक कपची उडून लागली होती. त्याने चष्मा घातला होता म्हणून डोळा वाचला. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

घरी येऊन फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, लावून पाहिला. लाँग रायफलच्या सिलिंडर आणि नळीमधली फट सहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), मॅग्नमच्या पुढे चौदा. दोन घरं घोडा पूर्ण ओढला तरी कुलुपात पोचत नव्हती. तिथे गोळी नळीच्या तोंडाची कड खरवडत आत शिरते. मग सराफ बाजारातून आणलेलं भिंग घेऊन सिलिंडरचं पुढचं तोंड पाहिलं. या जोड सिलिंडरवर तिथे फ्रेम-नंबरचे शेवटचे तीन आकडे कोरलेले असतात. माझी फ्रेम ४१७ ने संपते. सिलिंडरवर ८६२ होतं.

मला दाखवलेला सिलिंडर हा नव्हता. मधली पिन ओढली की सिलिंडर हातात येतो, अर्धं मिनिटही लागत नाही. सरकारी कागदावर मात्र फ्रेमचाच नंबर. जिथे कोणी बघत नाही, नेमकं तिथेच त्यांनी हात मारला होता.

त्यांच्याकडे दोनदा गेलो. पहिल्या वेळी म्हणाले, "तुम्हीच बदलला असेल." दुसऱ्या वेळी दार उघडलं नाही. वकिलांनी विचारलं, पाहणीच्या दिवशीचा सिलिंडरच्या आकड्यांचा फोटो आहे का? नव्हता. फ्रेमचे माझ्याकडे चार फोटो होते.

तुम्ही घ्याल तेव्हा पहिल्याच दिवशी दोन्ही सिलिंडर बाहेर काढून पुढच्या तोंडाचा फोटो घ्या, आणि ते आकडे विक्रीच्या लेखी कराराच्या कागदावर विकणाऱ्याच्या सहीसकट लिहून घ्या. निम्मे पैसे ताब्याच्या दिवसापर्यंत हातात ठेवा. ताबा घेताना गेज पुन्हा लावा, ओळखीचा माणूस असला तरी. आणि "मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये लाँग रायफलपण चालते" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. ते घर रुंद असतं, त्यात लाँग रायफलची केस फुगून फाटते.

८६२ चा सिलिंडर मी कापडात गुंडाळून ठेवलाय. तो कोणालाही विकणार नाही. ४१७ कोरलेला मॅग्नमचा सिलिंडर दुसऱ्या कुठल्या सिंगल-सिक्ससोबत तुमच्यासमोर आला, तर पैसे द्यायच्या आधी त्या फ्रेमचा नंबर बघा.