लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदललं, त्याला आठ महिने झाले

लॅपटॉप चार वर्षांचा, एएमडीच्या रायझेन प्रोसेसरवाला (म्हणजे इंटेलचा नव्हे), माझ्या स्वतःच्या पैशांचा. त्यातलं मूळ वाय-फाय कार्ड काढून जानेवारीच्या शेवटी इंटेलचं एएक्स२१० बसवलं. बरेच जण निकालच वाचतात म्हणून तो आधी सांगते. कार्ड उत्तम, पैसे वसूल. पण वाय-फाय सुटण्याच्या कटकटीतली निम्मीच त्यानं गेली. उरलेली निम्मी घरात होती आणि ती घालवायला एक रुपया लागला नाही.

आम्ही कोपरखैरण्यात, माथाडी वसाहतीतल्या बैठ्या घरात राहतो. बैठं आपलं नावालाच, आता वर दोन मजले चढलेत. घरं पाठीला पाठ लावून उभी. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की आई आपला गॅस बंद करायला उठते, मग शेजारचं वाय-फाय भिंतीपलीकडे कसलं राहतंय! आमचं वाय-फाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर घेऊन मोजलं तर २.४ गिगाहर्ट्झवर ३१ नेटवर्क निघाली.

आठवड्यातून तीन दिवस मी घरून काम करते. महाप्याच्या ऑफिसमधून कॉल आला की दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणणारच, ‘अगं, तुझा आवाज तुटतोय.’ त्रास दोन प्रकारचा होता. एक म्हणजे वाय-फाय जोडलेलं दिसायचं, पण वीस-तीस सेकंद काही जायचं नाही की यायचं नाही. दुसरा त्रास झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर. वाय-फायचं चिन्हच गायब, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली आतल्या भागांची यादी) कार्डापुढे पिवळा त्रिकोण, ‘कोड १०’. म्हणजे कार्ड सुरूच होत नाहीये. हे दोन वेगवेगळे आजार आहेत हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. मी दोघांना एकच गोळी देत बसले.

ती गोळी म्हणजे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढा, परत घाला, नेटवर्क रीसेट करा. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात एक गोष्ट मात्र शिकले. लॅपटॉप ‘शट डाउन’ करून चालू केला की कोड १० तसाच असायचा, ‘रीस्टार्ट’ केला की बऱ्याचदा जायचा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शट डाउन हे पूर्ण शट डाउन नसतंच. सिस्टीमची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्टला मात्र सगळं कोऱ्या पाटीनं सुरू होतं. मला इतकी वर्षं उलटंच वाटत होतं.

खरा उलगडा झाला तो एका रात्री अकरा वाजता, दोन काळ्या खिडक्यांमध्ये. कमांड प्रॉम्प्ट दोनदा उघडला. एकात घरच्या राउटरला पिंग लावलं, म्हणजे छोटासा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं, १९२.१६८.१.१ ला, पुढे ‘मायनस टी’ लावून, म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहतं. दुसऱ्यात बाहेरच्या जगाला, गूगलच्या ८.८.८.८ ला. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघत बसले. राउटरकडून उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवं, तो दोन भिंतींपलीकडे तर आहे. माझ्याकडे येत होतं ३, ४, ३, मग ९१२, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, परत ४. दोन्ही खिडक्या एकाच क्षणी अडखळत होत्या. लॅपटॉपचं राउटरपर्यंतच पोहोचणं होत नव्हतं, तर केबलवाल्याच्या लाइनचा काय दोष? आणि मी त्या बिचाऱ्याला तीन वेळा घरी बोलावलं होतं. तुमची पहिली खिडकी स्वच्छ चालत असेल आणि दुसरीच अडखळत असेल, तर लॅपटॉपला हात लावू नका, लाइनवाल्याला फोन करा.

विंडोज स्वतःचा वाय-फाय रिपोर्टही काढून देतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ द्यायचं (इंग्रजी अक्षरांत, अर्थात). मागच्या तीन दिवसांत कधी जोडलं, कधी सुटलं, कशामुळे सुटलं, सगळं आलेखासकट एका फाइलमध्ये येतं, ती ब्राउझरमध्ये उघडायची. माझा तो आलेख गोवर आल्यासारखा लाल ठिपक्यांनी भरला होता.

मग घराकडे वळले. आमचा राउटर लोखंडी कपाटावर, मागच्या कोपऱ्यात. कपाटाला आरसा, आणि राउटरच्या पुढ्यात पितळेची समई नि लग्नातलं तांब्याचं घंगाळ. रेडिओ लहरी अडवायच्या म्हणून मुद्दाम मांडणी केली असती तरी इतकी चोख जमली नसती. राउटर तिथून काढून समोरच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवला. अण्णांना पटलं नाही. ‘आता त्याला काय देवाशेजारी बसवतीस व्हय?’ म्हणाले. कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं गोणी वाहिलेला माणूस, त्यांना डेसिबल काय सांगणार! पण आकडा बघा. माझ्या टेबलापाशी फोनवर सिग्नल उणे ७४ डीबीएम होता (सिग्नलची ताकद अशी डेसिबलच्या मापात मोजतात), तो उणे ५८ झाला. हे आकडे शून्याच्या जितके जवळ तितके चांगले, आणि सोळा डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत चाळीसपट. फुकटात.

त्यानंतर चॅनल. राउटर ‘ऑटो’वर होता आणि त्यानं ३ नंबर पकडलेला, तोही ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा. २.४ च्या पट्ट्यात चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेत, पण एक नेटवर्क कमीत कमी वीसची जागा खातं, म्हणून एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तीनवर बसलेला माणूस एकवाल्यांनाही त्रास देतो आणि सहावाल्यांनाही. रेल्वेच्या बाकड्यावर दोन सीटांच्या मध्ये बसणारे असतात ना, तसा. मी ११ आणि २० मेगाहर्ट्झ केलं. गर्दी तिथेही आहेच, पण एकाच चॅनलवरचे एकमेकांचं ऐकून आळीपाळीनं बोलतात. अर्धवट अंगावर आलेल्याचा नुसता गोंगाट होतो.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव होतं, तेही वेगळं केलं. जुनं कार्ड या दोन्हींत सारखं इकडून तिकडे उड्या मारायचं. लॅपटॉपला फक्त पाचचं नाव दिलं, घरातल्या बाकी सगळ्यांना २.४. पाचमध्ये चॅनल ३६ कायमचा लावला. ५२ ते १४४ चे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्यानं तो चॅनल सोडायचा असा नियमच आहे, आणि अशा दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर नुसतं कान देऊन बसायचं. ऐन कॉलमध्ये ते मिनिट फार मोठं होतं.

शेवटचा चोर टेबलावरच होता. यूएसबी ३ चा हब, त्याला हार्ड डिस्क. बॅकअप सुरू झाला की वायरलेस माउस लंगडायचा आणि जे काही २.४ वर असेल ते मान टाकायचं. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो, इंटेलनंच २०१२ साली त्यावर पेपर काढलाय. हब लांब वायरीवर टाकून टेबलाखाली ढकलला.

एवढं करून पहिला आजार जवळजवळ गेला. कोड १० मात्र हटला नाही, आणि तिथे कार्डच लागलं.

कार्ड घेताना एक गोष्ट नीट बघा. इंटेलची एएक्स२०१, एएक्स२११ ही कार्डं दिसायला अगदी तशीच, पण ती फक्त इंटेल प्रोसेसरच्या ठरावीक लॅपटॉपमध्येच चालतात, कारण त्यांचं निम्मं काम प्रोसेसरच्या बाजूला असतं. रायझेनवाल्यांना एएक्स२१० च. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारानं मला एएक्स२११ पुढे केलं होतं, ‘मॅडम, नवीन आहे’ म्हणून. मी नंबर वाचला म्हणून वाचले. दोन हजारांच्या आसपास पडलं. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डालाच डाग देऊन पक्कं केलेलं असतं, तिथे हा विषयच संपला. आणि नव्या कार्डाचे ड्रायव्हर, वाय-फायचा आणि ब्लूटूथचा वेगवेगळा, आधीच पेनड्राइव्हवर घ्या. कार्ड बसवल्यावर ते उतरवायला नेट कुठलं?

बसवणं अर्ध्या तासाचं. मागचे स्क्रू, त्यातले दोन रबरी पट्टीखाली लपलेले, जुन्या एटीएम कार्डानं कडा सोडवल्या, पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढला. कार्ड बिस्किटाच्या तुकड्याएवढं, एका स्क्रूवर. जीव जातो तो अँटेनाच्या वायरींत. टोकाला मोहरीएवढी सोनेरी टोपी, ती कार्डावरच्या तेवढ्याच खुंटीवर बरोबर मधोमध धरून नखानं दाबायची, ‘टक्’ होईपर्यंत. तिरकी दाबली तर चेपते. जुन्या कार्डाला वाय-फायसाठी एकच वायर होती, दुसरी प्लास्टिकची टोपी घालून टेपखाली दडवलेली सापडली. म्हणजे लॅपटॉपला दोन अँटेना होते आणि चार वर्षं मी एकावरच चालत होते.

लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला वेग, ४३३ ची ८६६ एमबीपीएस झाली. इंटरनेटचा वेग तेवढाच, कारण आमचा प्लॅनच १०० चा. वेग वाढेल म्हणून कार्ड घेत असाल तर थांबा. फरक पडला तो स्थिरपणात. झाकण उघडलं की दोन सेकंदांत वाय-फाय हजर, आणि आठ महिन्यांत कोड १० एकदाही दिसला नाही.

विघ्नं आलीच नाहीत असं नाही. एप्रिलमध्ये लिंक परत ४३३ वर आली. उघडून बघितलं तर एक वायर निसटलेली, माझीच ‘टक्’ कच्ची राहिली होती. आता वर टेप लावलीय. जूनमध्ये एका अपडेटनंतर डिव्हाइस मॅनेजरमधली वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची टिक आपोआप परत आली, ती काढून टाकली. (काही लॅपटॉपवर ती टिक असलेला ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबच नसतो.) जुलैच्या पावसात नेट गेलं तेव्हा दोन खिडक्या उघडल्या. राउटर ३ मिलिसेकंद, बाहेरून उत्तरच नाही, फायबरच्या डबीवर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल. केबलवाल्याला फोन लावला तर पलीकडून नेहमीचं, ‘ताई, राउटर बंद करून चालू करा.’ म्हटलं, ‘दादा, राउटरपर्यंत ठणठणीत आहे, फायबरमध्येच उजेड येत नाहीये.’ दोन सेकंद शांतता, मग ‘पोरगा पाठवतो.’ गच्चीवर वायर उंदरानं कुरतडलेली निघाली.

गणपतीत गावाकडून सगळे आले, २.४ वर एकाच वेळी सतरा फोन. आरतीच्या व्हिडिओ कॉलला त्या नेटवर्कनं हात टेकले, पण त्याच वेळी वरच्या खोलीत माझा कॉल ५ वर अडखळत का होईना, चालला.

अडखळत, कारण दुसऱ्या मजल्यावर ५ चा सिग्नल दोन स्लॅब ओलांडून जेमतेम पोहोचतो, आणि त्याला कार्ड काय करणार? तिथे लॅनची वायरच ओढतेय. भिंतीला भोक पाडायला अण्णांचा सक्त नकार, त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली भिंत. जुन्या केबल टीव्हीच्या वायरीचं भोक मात्र त्यांनीच शोधून दिलं. त्यातून वायर जाते, टोकाचा प्लग जात नाही. म्हणून प्लग कापून वायर ओवून ठेवलीय, आणि नवा प्लग दाबून बसवायचं क्रिम्पिंगचं पक्कड घेऊन केबलवाल्याचा पोरगा रविवारी येतोय.