शाळेचे पालक-ॲप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी सहावीत आहे. तिच्या शाळेने जुलै 2024 मध्ये पालकांसाठी ॲप सुरू केले आणि डायरीत निरोप लिहून पाठवण्याची पद्धत त्याच आठवड्यात बंद केली. हजेरी, गृहपाठ, शुल्काच्या सूचना वेळेवर येतात; स्कूलबस प्रतापनगरला पोहोचल्याचेही कळते. तरीही मी पाचपैकी दोनच तारे देतो, कारण पालकसभेत ज्यांचे सर्वाधिक कौतुक झाले होते, त्या 'निकाल' आणि 'शिक्षकांशी संवाद' या दोन सोयींनीच मला सर्वाधिक मनस्ताप दिला.

दिवाळीनंतर पहिल्या सत्राचा निकाल आला. विज्ञानापुढे 'ब-2', एवढेच. सहावीला आकारिक मूल्यमापनाचे (सत्रभरातल्या वर्गकामाचे) 50 आणि संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) 50 गुण असतात. आकारिकमध्ये पुन्हा तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय असे निरनिराळे रकाने येतात. यांपैकी काहीही ॲप दाखवत नाही. ब-2 म्हणजे 61 ते 70. मूल 61 वर आहे की 70 वर, लेखी परीक्षेत कमी पडले की वर्गातल्या कामात, हे कळल्याशिवाय घरी अभ्यास तरी कशाचा घ्यायचा?

मी ॲपवरूनच विज्ञानाच्या बाईंना विचारले. दुसऱ्या दिवशी 'पाहिले' अशी खूण उमटली; उत्तर आले नाही. आठवड्याने पुन्हा विचारले, पुन्हा 'पाहिले'. 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, बाईंना ड्युटी लागली असेल म्हणून थांबलो. डिसेंबर अर्धा सरला तेव्हा मात्र त्यांच्याविषयी मनात अढी बसली होती, हे कबूल करतो.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेलो. बाईंनी लगेच नोंदवही उघडली. मुलीच्या नावापुढे प्रकल्पाचा रकाना कोरा होता आणि शेजारच्या समासात पेन्सिलीने बारीक 8 लिहिलेला होता. तिची प्रकल्पवही दुसऱ्या तुकडीच्या गठ्ठ्यात गेली होती; ती सापडेपर्यंत ॲपमध्ये गुण भरून झाले होते आणि ॲपने कोऱ्या रकान्याचे शून्य धरले होते. बेरीज 66 ऐवजी 74, म्हणजे ब-1 हवी होती. माझे निरोप तर बाईंनी पाहिलेच नव्हते. ते कार्यालयातल्या संगणकावर येतात आणि लिपिकाने उघडले की पालकाला 'पाहिले' दिसते. "डायरी असती तर मला त्याच दिवशी समजलं असतं हो," बाई म्हणाल्या, आणि माझी मान खाली गेली.

निकाल जाहीर झाल्यावर शिक्षकांना ॲपमधले गुण बदलता येत नाहीत. अर्ज दिला, मुख्याध्यापकांची सही झाली, जानेवारीत छापील प्रगतिपत्रकावर लाल शाईने दुरुस्ती करून मिळाली. इतर पालकांनी निकालानंतर आठवडाभरातच नोंदवही प्रत्यक्ष पाहायला मागावी. ॲपवर आज मार्चमध्येही विज्ञानापुढे ब-2 च दिसते.