मॅकबुक एअर एम१: रत्नागिरीत इंजिनिअरिंग करताना घ्यावा का?

आमच्या रूमवर सध्या हाच वाद चालू आहे, मॅक की विंडोज. मी मॅकबुक एअर एम१ वापरतोय, म्हणजे ॲपलची एम१ चिप असलेलं २०२० चं मॉडेल, आणि मला तो जाम आवडलाय. पावसात लाईट गेली की तासन्तास येत नाही, अशा वेळी बाकीच्यांचे लॅपटॉप माना टाकतात आणि हा आरामात चालू असतो, त्यात फॅनच नाही म्हणून आवाज शून्य, वजन १.२९ किलो, एसटीने गावी जाताना सॅकमध्ये जाणवतपण नाही. कोडिंग, पायथन, प्रोजेक्ट रिपोर्ट सगळं मस्त.

पण मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्यांनो, प्लीज घेऊ नका! तुमच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरपैकी ऑटोकॅड मॅकवर मिळतं, सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट मात्र फक्त विंडोजवरच चालतात. आणि रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे ८ जीबी घ्यायचा की १६ हे आधीच ठरवा, जमलं तर १६च. माझ्या मेकॅनिकलच्या रूममेटला मी स्वतः सांगितलं, ग्राफिक्स कार्डवाला विंडोज घे, जड असला तरी चालेल. आणि कुठलाही घ्या, पावसाळ्यात खिडकीजवळ ठेवू नका, इथल्या खाऱ्या दमट हवेत पोर्ट गंजतात.